गोळ्या चालू असल्या तरी तपासणी हवीच

‘एआरटीच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत, व्हायरल लोड दबलेला आहे; मग गर्भाशयमुखाची तपासणी कशाला?’ एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांमधला हा समज अर्धाच खरा आहे. एआरटीमुळे, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधांमुळे, प्रतिकारशक्ती सावरते आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूचा संसर्ग आपोआप जाण्याची शक्यता वाढते. पण एचपीव्ही हा वेगळा विषाणू. ही औषधं त्याला थेट मारत नाहीत. उपचारांपूर्वी प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी घटलेल्या असतात, त्या काळात त्याने गर्भाशयमुखात ठाण मांडलेलं असू शकतं. या स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे सहापट असतो.

‘त्रास काहीच नाही’ ही सबबही टिकत नाही. कर्करोगपूर्व बदल सहसा कोणतंच लक्षण दाखवत नाहीत. त्यांचा कर्करोग व्हायला एरवी १५ ते २० वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती कमकुवत असेल तर ५ ते १० वर्षं पुरतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारण स्त्रियांना तिसाव्या वर्षापासून दर ५ ते १० वर्षांनी, तर एचआयव्ही असलेल्यांना पंचविसाव्या वर्षापासून दर ३ ते ५ वर्षांनी एचपीव्ही डीएनए चाचणी सुचवते.

अनेकींना भीती वाटते ती निकालाची. पण एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे. उपचार कोणाला हवेत हे पुढच्या तपासणीत ठरतं. हा संसर्ग वर्षानुवर्षं सुप्त राहू शकतो, त्यामुळे त्यावरून नवऱ्याच्या किंवा बायकोच्या चारित्र्याचा निवाडा करता येत नाही. बदल आढळलेच तर तेवढा भाग उष्णतेने किंवा गोठवून नष्ट करतात, नाहीतर तारेच्या लूपने काढतात. गर्भपिशवी काढण्याची वेळ सहसा येत नाही.

‘उपचारानंतरही ते बदल परत येतात, मग उपयोग काय?’ हा आक्षेप मात्र गंभीर आहे, कारण एचआयव्ही असताना ते परतण्याचं प्रमाण खरंच जास्त असतं. पण त्यावरून उपचार व्यर्थ ठरत नाहीत, पाठपुरावा आवश्यक ठरतो; वर्षभराने पुन्हा चाचणी करायची ती त्यासाठीच. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या स्त्रियांच्या मोठ्या अभ्यासात, एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने आणि त्यानंतरच्या उपचारांनी या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असं २००९मध्ये प्रसिद्ध झालं. तो अभ्यास सर्वसाधारण स्त्रियांचा होता, त्यामुळे त्यातला आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण बदल वेळीच शोधून काढले तर जीव वाचतो, हे त्याने दाखवलं. एआरटी केंद्रात औषधं न्यायला येणाऱ्या स्त्रीला या तपासणीची तारीखही तिथेच मिळायला हवी.