सहा मोजा, पाऊल दोनदा टाका

सहा अष्टमांश म्हणजे तीन चतुर्थांश. मग ६/८ आणि ३/४ असे दोन टाइम सिग्नेचर कशाला? स्टाफ नोटेशन शिकताना पहिली ठेच इथेच लागते. पण हा अपूर्णांक नव्हेच. पट्टीवर दोन आकड्यांमध्ये भागाकाराची रेघ नसते. दोन्हीकडे अष्टमांश स्वर सहाच, फरक गटांचा. प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर टाळी देऊन ‘चिकू, चिकू, चिकू’ म्हणा : हे ३/४. आता तेवढ्याच वेळात ‘डहाणू, डहाणू’ म्हणा : हे ६/८. अक्षरं सहाच, टाळ्या मात्र तीनाच्या दोन झाल्या.

म्हणून ‘६/८ मध्ये सहा ठोके’ हेही खरं नाही. ठोके दोन, प्रत्येकाच्या पोटात तीन भाग. कंपाउंड मापात वरच्या आकड्याला तीनाने भागलं की ठोके मिळतात : ९/८ मध्ये तीन, १२/८ मध्ये चार. एक ठोका म्हणजे टिंब दिलेला चतुर्थांश स्वर. त्याला मेट्रोनोम ६० वर लावला, तर मिनिटाला अष्टमांश १८० होतात. लय फारच संथ असेल तेव्हा सहाही मोजतात, पण गट तीनाचेच राहतात.

‘म्हणजे आपला दादराच ना?’ जवळचा आहे, पण तोच नव्हे. दादऱ्याच्या मात्रा सहा, विभाग ३+३, पहिलीवर सम, चौथीवर खाली. खाली दाखवायची सोय टाइम सिग्नेचरमध्ये नाही. मला ६/८ भातखंडे पद्धतीत लिहायचा झाला, तर मी दोनच मात्रा घेईन आणि प्रत्येकीखाली चंद्रकोरीत तीन-तीन स्वर बसवीन. विद्यार्थ्याला ते चटकन दिसतं.

रानशेतच्या परिसरात, डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर, ही शिकवणी पायांपासून सुरू करावी असं मला मनापासून वाटतं. तारपा नाचात वारली स्त्री-पुरुष कमरेला हात गुंफून वादकाभोवती फिरतात. त्याने चाल बदलली की पावलंही बदलतात. तिथे आकडा कुणी सांगत नाही. मात्र डुलणारी प्रत्येक चाल ६/८ ठरवून टाकू नये. आधी पाऊल कुठे पडतं ते पाहावं, मग दोन पावलांमध्ये ‘चिकू’ बसतो की ‘डहाणू’, ते मुलांनाच म्हणून बघू द्यावं. खडू त्यानंतर हातात घ्यावा.