काटेरी कडा

सौंसरच्या बाजारात अंबिया बहाराची संत्री उतरताहेत. काकूंचं तिकडे लक्ष नाही. नागपूरच्या मॅमोग्राफीचं पाकीट पदराखाली धरून त्या माझ्याबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसल्या आहेत. गाठीच्या कडा काटेरी, संशयाची पायरी बायरॅड्स ४ बी, सुईची तपासणी करावी, असं आत लिहिलंय. घरात ते वाचल्यापासून कुणाला जेवण गोड लागत नाही.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला पांढुर्ण्याकडची एक तरुण आई बसली आहे. काकूंचा चेहरा बघून ती आपणहून सरकते. "मलेबी असंच सांगितलं होतं, काकूजी. गाठ, वरून पाणी गळे. सोनोग्राफीत कॅन्सरचा संशय. तुकडा काढला तर टीबी निघाला." आता तिच्या गोळ्या चालू आहेत, सरकारी दवाखान्यातून, फुकट. पोषणाचे महिन्याचे हजार रुपये खात्यात येतात. छातीचा टीबी सगळ्यांना ठाऊक असतो, पण तो स्तनातही होतो हे तिलाही आधी कुणी सांगितलेलं नव्हतं.

नंबर लागतो. डॉक्टर मॅडम फिल्म उजेडाच्या पेटीवर लावतात. राखाडी पसाऱ्यात एक पांढरा ठिपका, आणि त्यातून चहूकडे फुटलेल्या बारीक रेषा. कॅन्सरचं चित्र पुष्कळदा असंच दिसतं, हे त्या लपवत नाहीत. मग काकूंकडे वळून विचारतात, "मावशी, इथं कधी मार लागला होता?"

"नाही जी."

"पडलात, काही आदळलं, जनावरानं धक्का दिला?"

काकू थांबतात. "गायीनं ढुशी मारली होती. गोटमारीच्या जत्रेच्या आठ-दहा दिस आधी. वासराले सोडलं तं ती उसळली. निळंहिरवं झालं, मी हळद लावली, बरं झालं. तो का मार म्हनाव?"

नागपूरच्या कागदात ही ढुशी कुठेच नाही, कारण काकूंनी ती सांगितलेली नाही. गोठ्यात राबणाऱ्या बाईच्या लेखी गायीची ढुशी म्हणजे रोजचंच. मला वाटतं, हा प्रश्न प्रत्येक बाईला विचारायला हवा, आणि एकदा 'नाही' आलं तरी पुन्हा विचारायला हवा.

मॅडम बोटानं फिल्मवर दाखवतात. स्तनात चरबी असते. जोराचा मार बसला की तिथल्या पेशी मरतात, त्यांतलं तेल बाहेर येतं आणि शरीर त्याभोवती भिंत घालतं. आत तेलाची गाठ राहते, कधी कडेनं चुन्याचं पातळ कवच धरतं. भरताना जो व्रण तयार होतो तो आजूबाजूचं मांस आपल्याकडे खेचतो. शिवणीचा दोरा ओढला गेला की कापडाला चुण्या पडतात ना, तशा या रेषा. वरची कातडीही आत ओढली जाते. जुन्या ऑपरेशनच्या व्रणाचंही असंच होतं. काही गाठी तर कसलाही मार न लागता काटेरी दिसतात आणि तपासल्यावर साध्या निघतात.

"म्हंजे मले कॅन्सर नाही?" काकू एकदम पुढे झुकतात.

"ते मी फिल्म बघून सांगणार नाही."

या उत्तरानं काकूंचा चेहरा पडतो. मला मात्र धीर येतो. ४ बी म्हणजे शंभर जणींत १० ते ५० जणींना कॅन्सर निघतो. निदान निम्म्या जणींना निघत नाही. काकू कुठल्या बाजूला, हे चित्रावरून कुणालाच कळणार नाही, आणि गायीची गोष्ट कितीही पटली तरी तिच्या भरवशावर घरी बसून चालणार नाही. ढुशी लागलेल्या जागी कॅन्सर असूही शकतो.

"सुई टोचली की पसरते म्हनतात." काकूंचा आवाज आता अगदी खाली गेला आहे.

"त्या भीतीनं बाया परत जातात, मावशी, आणि उशीर होतो. सुईनं कॅन्सर वाढत नाही." मॅडम टेबलाच्या खणातून सुई काढून दाखवतात. जागा बधिर करायची, सोनोग्राफीत बघत बघत शेवयांसारखे बारीक तुकडे काढायचे, पट्टी बांधायची, त्याच दिवशी घरी. टीबीचा संशय असेल तर त्यातलाच एक तुकडा त्या तपासणीला जातो. बाकावरच्या त्या मुलीचा आजार असाच सापडलेला आहे.

चिठ्ठीवर त्या ढुशीचा महिना लिहितात आणि खाली रेघ मारतात. मग माझ्याकडे बघून सांगतात, "रिपोर्ट आला की फिल्मसकट आणा. नुसतं 'कॅन्सर नाही' एवढं लिहिलेलं मला पुरत नाही. मेलेली चरबी, व्रण, असं काही निघालं तर ते या चित्राशी जुळतं. जुळलं नाही, तर पुन्हा तुकडा काढायचा."

काकू चिठ्ठी घडी करून पाकिटात ठेवतात. बाहेर येताच विचारतात, "नागपूरची पहिली बस किती वाजता हाय?"