विज्ञान परीक्षेतील गणनकार्य : सार्थ अंक, पूर्णांकन आणि गुणदान

प्रस्तावना :

विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत शेवटी लिहिलेली संख्या ही केवळ आकडेमोडीची निष्पत्ती नसते. ज्या साधनाने मोजमाप झाले त्या साधनाची मर्यादाही तीत नोंदलेली असते. ही मर्यादा सार्थ अंकांच्या द्वारे व्यक्त होते. अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणात हा विषय येतो; परंतु गुणदान करताना तो बहुधा विसरला जातो, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

या लेखास निमित्त झाले ते लेखकाच्याच हातून घडलेल्या एका चुकीचे. पेठ तालुक्यातील एका पाड्यावरून येणाऱ्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने घनतेच्या उदाहरणाचे उत्तर ३.१ असे लिहिले होते. नमुना उत्तरात ३.०९८ असल्यामुळे लेखकाने अर्धा गुण कमी केला. उत्तरपत्रिका दाखविण्याच्या दिवशी त्याने विचारले, "सर, मोजपात्रावर जे दिसतच नाही, ते उत्तरात कसं लिहायचं?" विद्यार्थ्याचे म्हणणे बरोबर होते आणि नमुना उत्तर चुकीचे होते.

उद्दिष्टे :

१) सार्थ अंक व पूर्णांकन यांमागील तत्त्व स्पष्ट करणे.
२) परीक्षेतील गणनात वारंवार होणाऱ्या चुकांची कारणे शोधणे.
३) गुणदानासाठी काही व्यवहार्य सूचना मांडणे.

विषय विवेचन :

अ) सार्थ अंक म्हणजे काय?

मोजमापातील खात्रीचे सर्व अंक आणि त्यापुढील एक संशयित अंक मिळून सार्थ अंक होतात. वरील उदाहरणात वस्तुमान २५.४ ग्रॅम व आकारमान ८.२ घन सेंटिमीटर दिले होते. भागाकार केल्यास ३.०९७५६... असे उत्तर येते. परंतु आकारमान ८.२ याचा अर्थ ते ८.१५ ते ८.२५ यांच्या दरम्यान आहे, आणि वस्तुमान २५.३५ ते २५.४५ यांच्या दरम्यान आहे. म्हणजे घनता ३.०७ पासून ३.१२ पर्यंत कोठेही असू शकते. दुसरा अंकच जेथे संशयित आहे, तेथे तिसऱ्या व चौथ्या अंकास आधार उरत नाही. म्हणून ३.१ हेच योग्य उत्तर होय.

गुणाकार-भागाकारात सर्वांत कमी सार्थ अंक असलेली संख्या उत्तराची मर्यादा ठरविते. बेरीज-वजाबाकीत मात्र दशांश स्थळे पाहावी लागतात. १०५.२, ०.३४६ व १२.०८ यांची बेरीज ११७.६२६ येते, ती ११७.६ अशी लिहावी. हे नियम ढोबळ आहेत, याचेही भान असावे. ९८ मध्ये दोन व १०२ मध्ये तीन सार्थ अंक आहेत. तथापि एका एककाची अनिश्चितता दोन्ही ठिकाणी सुमारे एक टक्काच आहे. त्यामुळे एखादा अंक कमी-अधिक झाल्यास त्यास घोडचूक मानणे उचित नाही.

मोजून आलेल्या वस्तूंची संख्या, सूत्रातील २ सारखे गुणक आणि व्याख्येने ठरविलेली मूल्ये यांना ही मर्यादा लागू होत नाही. प्रकाशाचा वेग १९८३ पासून, तर प्लांकचा स्थिरांक व ॲव्होगॅड्रो स्थिरांक २० मे २०१९ पासून व्याख्येने निश्चित झालेले आहेत.

ब) सारणीचे चार अंक आणि यंत्राचे दहा अंक

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेवर लॉगॅरिथम सारणी वापरण्यास परवानगी आहे, कॅल्क्युलेटर वापरण्यास नाही, अशी सूचना असते. पदवीच्या वर्गात आल्यावर विद्यार्थ्याच्या हाती कॅल्क्युलेटर येतो आणि पडद्यावर एकदम दहा अंक दिसू लागतात. साधन बदलले म्हणून मोजमाप सुधारत नाही, हे त्यास कोणी सांगत नाही.

सारणीलाही स्वतःची मर्यादा आहे. चार अंकी सारणीतील प्रत्येक मूल्यात ०.००००५ पर्यंत त्रुटी असू शकते. तीन संख्यांच्या गुणाकारात ती ०.०००१५ पर्यंत जाते, आणि ८ च्या आसपासच्या उत्तरात त्यामुळे चौथा अंक सुमारे तीन एककांनी बदलू शकतो. प्रतिलॉगॅरिथम पाहताना होणारी त्रुटी वेगळीच. तेव्हा एकाचे उत्तर ८.०१२ व दुसऱ्याचे ८.०१४ आले, तर दोघेही बरोबर आहेत. कॅल्क्युलेटरवर तयार केलेल्या नमुना उत्तराशी सारणीने काढलेले उत्तर अंकागणिक ताडून पाहणे अन्यायाचे ठरते.

लॉगॅरिथमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्यातील पूर्णांक भाग केवळ दशांश चिन्हाचे स्थान सांगतो. सार्थ अंक अपूर्णांक भागात असतात. म्हणून सामू ४.७० यात दोनच सार्थ अंक आहेत. त्यावरून हायड्रोजन आयनांची संहती २.० × १० चा उणे पाचवा घात एवढीच लिहिता येईल, १.९९५ लिहिणे सयुक्तिक नाही.

क) दशांश स्थळे म्हणजे सार्थ अंक नव्हेत

'उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत काढा' ही शालेय गणितातील सवय रसायनशास्त्रात घातक ठरते. १.२५ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट तापविल्यास किती कॅल्शियम ऑक्साइड मिळेल, या प्रश्नात रेणुवस्तुमाने १०० व ५६ घेतल्यास ०.०१२५ मोल मिळतात व उत्तर ०.७०० ग्रॅम येते. विद्यार्थ्याने मधल्या पायरीवर 'दोन दशांश' म्हणून ०.०१ मोल लिहिले, तर उत्तर ०.५६ ग्रॅम येते. म्हणजे वीस टक्के घट झाली! म्हणून मधल्या पायऱ्यांत एक-दोन अंक अधिक ठेवावेत आणि पूर्णांकन शेवटी एकदाच करावे.

याच उदाहरणात रेणुवस्तुमाने १००.०९ व ५६.०८ घेतल्यास उत्तर ०.७०० येते, तर १००.१ व ५६.१ घेतल्यास ०.७०१ येते. दोन्ही उत्तरांस पूर्ण गुण मिळावयास हवेत.

ड) पूर्णांकनाचे नियम

ज्यास आपण वर्गात 'राउंड ऑफ करणे' म्हणतो, त्या पूर्णांकनात खरा मतभेद ५ या अंकापुरताच आहे. शाळेत ५ आल्यास मागील अंक वाढविण्यास शिकवितात. भारतीय मानक आयएस २ : १९६० मध्ये आणि अकरावीच्या एनसीईआरटी पुस्तकात मात्र मागील अंक सम ठेवण्याचा नियम आहे. त्यानुसार ६.२५ चे ६.२ व ६.३५ चे ६.४ होतात. नेहमीच वर नेल्याने मोठ्या संख्यासमूहाची सरासरी किंचित फुगते, ती या नियमाने फुगत नाही. विद्यार्थ्याने दोन्ही नियम शिकलेले असतात, म्हणून कोणताही एक सातत्याने वापरल्यास तो ग्राह्य धरावा.

टप्प्याटप्प्याने पूर्णांकन करणे मात्र चूकच. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार २.५ मिलिमीटर वा अधिक पाऊस पडला तर तो दिवस पर्जन्यदिन गणला जातो. २.४६ या आकड्याचे पूर्णांकात रूपांतर २ होते. पण आधी २.५ व नंतर ३ असे केल्यास उत्तर पालटते. तसेच एका आठवड्याचा एकूण पाऊस ३०५.० मिलिमीटर असेल, तर दैनिक सरासरी ४३.६ लिहावी. ४३.५७१४ हा आकडा पर्जन्यमापकाने कधी पाहिलेलाच नसतो.

पुढील अंक नुसते कापून टाकण्याच्या सवयीचा परिणाम कॅनडातील व्हँकुव्हर शेअर बाजाराच्या निर्देशांकात दिसून आला. जानेवारी १९८२ मध्ये १००० वर सुरू झालेल्या या निर्देशांकाच्या प्रत्येक गणनेत तीन दशांशांपुढील अंक कापले जात होते. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२५ च्या खाली उतरला. दुरुस्तीनंतर खरे मूल्य १०९८.८९२ निघाले.

इ) स्थानिक मूल्याचे भान

गुरुत्वत्वरणाचे ९.८१ हे मूल्य आपण सवयीने देतो. ते ४५ अंश अक्षांशाच्या आसपासचे आहे. पेठ सुमारे २०.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. या अक्षांशावर समुद्रसपाटीस हे मूल्य सुमारे ९.७९ येते, आणि उंचीमुळे येथे ते आणखी किंचित कमी होते. म्हणजे आपल्या प्रयोगशाळेपुरते ९.८ हे मूल्य बरोबर आहे, ९.८१ नाही. साध्या लंबकाच्या प्रयोगात ९.७८ आणणाऱ्या विद्यार्थ्यास आकडे 'जुळवून' ९.८१ आणण्यास आपण नकळत भाग पाडतो. सार्थ अंकांविषयीची बेफिकिरी येथे अप्रामाणिकपणास जन्म देते, ही बाब गुणांपेक्षा अधिक गंभीर आहे.

गुणदानासाठी सूचना :

१) स्थिरांकांची मूल्ये व उत्तर किती सार्थ अंकांत हवे, हे प्रश्नातच द्यावे.
२) नमुना उत्तरात एका संख्येऐवजी ग्राह्य मूल्यांची मर्यादा द्यावी.
३) सूत्र, मूल्यस्थापना, आकडेमोड व एकक यांचे गुण स्वतंत्र ठेवावेत.
४) सार्थ अंकांच्या चुकीसाठी गुण कमी करावयाचे असल्यास तशी पूर्वसूचना द्यावी व संपूर्ण प्रश्नपत्रिकेत ते एकदाच करावेत.
५) दिलेल्या माहितीशी सुसंगत अशा कमी अंकी उत्तराचे गुण कधीही कापू नयेत.

समारोप :

मोजले तेवढेच लिहावे, हा सार्थ अंकांचा गाभा आहे. ही शिस्त विद्यार्थ्यांच्या अंगी बाणवावयाची असेल, तर ती प्रथम परीक्षकाच्या नमुना उत्तरात दिसली पाहिजे. उपरोक्त विद्यार्थ्याचा अर्धा गुण लेखकाने त्याच दिवशी परत दिला आणि नमुना उत्तरातील ३.०९८ खोडून तेथे ३.१ लिहिले.