बोरन्हाणाचे छायाचित्र : घरातच उभारू या छोटा स्टुडिओ

मकर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या दिवसांत मराठी घरांतून लहान मुलांचे बोरन्हाण होते. काळे झबले, त्यावर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने, डोईवरून ओतली जाणारी बोरे, चुरमुरे, उसाचे करवे आणि ते वेचण्यासाठी उडालेली बाळगोपाळांची झुंबड, असा हा आनंदसोहळा असतो. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगढात येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी ही प्रथा येथेही जपली आहे. रायपूरच्या तात्यापाऱ्यात, चौबे कॉलनीत किंवा आता दूरदूरच्या नव्या वसाहतींतही जानेवारी उजाडला की आजीबाई हलव्याच्या दागिन्यांची चौकशी करू लागतात.

वयाच्या पाचव्या वर्षापर्यंतच होणारा हा सोहळा छायाचित्रात टिपून ठेवावा, असे प्रत्येकास वाटते. मोबाइलमुळे आज एका कार्यक्रमाची शेकडो चित्रे निघतात. परंतु भिंतीवर लावावे असे एकही हाती लागत नाही, हा अनेकांचा अनुभव आहे. चेहरा काळवंडलेला, हलवा पांढऱ्या डागासारखा, मूल रडवेले आणि मागे कपड्यांचा स्टँड! दोष कॅमेऱ्याचा क्वचितच असतो. प्रकाशाची योजना आणि मुलाची बैठक या दोन गोष्टींचा आधी विचार केला, तर एका पिशवीत मावणाऱ्या साहित्यातून बैठकीच्या खोलीतच उत्तम स्टुडिओ उभा राहू शकतो.

एका जुन्या छायाचित्राची गोष्ट

१९६२ सालच्या संक्रांतीत माझे बोरन्हाण झाले. तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. कार्यक्रम आटोपल्यावर मला तशाच दागिन्यांत एका स्टुडिओत नेण्यात आले. अनोळखी खोली, डोळ्यांवर येणारे प्रखर दिवे आणि काळ्या फडक्याखाली डोके घालून बसलेले गृहस्थ पाहून मी भोकाड पसरले, असे वडील सांगत. शेवटी आई शेजारी गुडघे टेकून बसली आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा कुठे मी शांत झालो.

छायाचित्र तयार होऊन आले, त्यात आई नव्हती. ‘मुलाचेच चित्र हवे’ म्हणून छायाचित्रकाराने ती बाजू कापून टाकली होती. माझ्या काळ्या झबल्यावर तिच्या चार बोटांची टोके तेवढी राहिली. पुढे सहा वर्षांनी आई गेली. त्या काळातील तिचे दुसरे छायाचित्र आमच्या घरी नाही. त्या छायाचित्रकाराचा हेतू वाईट नव्हता. व्यवसायाची तेव्हाची रीतच तशी होती. परंतु लहान मुलाचे छायाचित्र काढताना काय राखावे आणि काय वगळावे, याचा विचार मी तेव्हापासून करीत आलो आहे. पुढील सूचनांमागे छंद म्हणून केलेल्या चाळीस वर्षांच्या छायाचित्रणाबरोबर ती चार बोटेही आहेत.

साहित्य किती लागते?

एक घडीचा स्टँड, एक फ्लॅश किंवा एलईडी दिवा, सुमारे ९० सेंटिमीटर व्यासाची पांढरी छत्री, थर्माकोलचा एक मोठा पांढरा तक्ता आणि पार्श्वभूमीसाठी तीन मीटर कापड, एवढे पुरे. पंडरीच्या कापडबाजारात राखाडी किंवा फिकट मातकट रंगाचे साधे सुती कापड सहज मिळते. चकाकणारे साटीन घेऊ नये, त्यावर दिव्याचे पट्टे उमटतात. काळे कापडही टाळावे. काळे झबले त्यात विरून जाते आणि केवळ चेहरा व दागिने हवेत तरंगताना दिसतात. कापडाला इस्त्री करावी आणि मुलास त्यापासून दीड मीटर पुढे बसवावे, म्हणजे त्याची सावली मागच्या कापडावर पडत नाही.

रायपूरचे ऊन आणि घराची खिडकी

दिव्याआधी खिडकीचा विचार करावा. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. संक्रांतीच्या सुमारास भर दुपारीही तो रायपूरच्या क्षितिजापासून सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांपेक्षा वर जात नाही. त्यामुळे दक्षिणेकडील खिडकीतून ऊन थेट आत येते, तर उत्तरेकडील खिडकीत दिवसभर शांत, एकसारखा उजेड राहतो. उत्तरेची खिडकी असल्यास निम्मे काम झाले. नसल्यास दक्षिणेच्या खिडकीवर धुतलेले पांढरे धोतर किंवा पातळ पडदा ताणून लावावा.

असे का? प्रकाशाचा उगम मुलाच्या मानाने जितका मोठा, तितकी सावलीची कड मऊ. सूर्य प्रचंड असला तरी इतका दूर आहे की आपल्या दृष्टीने तो एक लहानसा ठिपका ठरतो. म्हणून उन्हात नाकाची सावली धारदार पडते व डोळे मिचमिचतात. तेच ऊन धोतरावर पडले की सगळे धोतर हाच दिवा होतो. छत्रीही हेच काम करते. मात्र ती मुलापासून साधारण एक मीटरवर असावी. अंतर दुप्पट केले तर प्रकाश सुमारे एक चतुर्थांश उरतो, शिवाय तो अधिक कठोर होतो.

येथे पुण्या-मुंबईहून येणाऱ्या आप्तेष्टांची एक चूक होते. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर ठरते आणि रायपूर त्याच्या अगदी जवळ आहे. त्यामुळे येथे सूर्य मुंबईपेक्षा सुमारे ३५ मिनिटे आधी माथ्यावर येतो. संक्रांतीच्या दिवसांत रायपूरला पावणेसहाच्या आतच सूर्य मावळतो. मुंबईत त्यानंतरही सुमारे चाळीस मिनिटे तो दिसत असतो. हळदीकुंकवाला बायका जमून बोरन्हाणास प्रारंभ होईपर्यंत खिडकीतील उजेड संपलेला असतो. यास्तव मुख्य छायाचित्र सकाळी साडेनऊ ते अकराच्या दरम्यान, पाहुणे येण्यापूर्वीच काढून ठेवावे. सायंकाळी काढायचे असेल तर दिवा व छत्री लागणारच.

दिवा मुलाच्या समोरून थोडा बाजूला, साधारण ४५ अंशांवर आणि त्याच्या डोळ्यांपेक्षा थोडा उंच ठेवावा. फार उंच ठेवू नये. लहान मुले वारंवार खाली पाहतात आणि डोळ्यांत अंधार साठतो. बुबुळाच्या वरच्या भागात, घड्याळातील दहाच्या किंवा दोनच्या जागी एक तेजस्वी ठिपका दिसला की दिवा योग्य जागी आहे असे समजावे. दुसऱ्या बाजूस थर्माकोलचा तक्ता धरला की गालावरील सावली उजळते. खोलीतील ट्यूबलाइट व रंगीत दिवे बंद करावेत. निरनिराळ्या रंगांचे प्रकाश एकत्र आले की त्वचा हिरवट किंवा पिवळट दिसते.

काळे झबले, पांढरा हलवा

बोरन्हाणाच्या छायाचित्रातील खरी कसोटी येथे आहे. एकाच चौकटीत सर्वांत काळी व सर्वांत पांढरी वस्तू एकमेकींना खेटून असते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरतो. काळे झबले अधिक जागा व्यापत असल्याने दृश्य अंधारे आहे असे समजून तो प्रकाश वाढवतो. परिणामी चेहरा फिका पडतो आणि हलव्याचा काटा नाहीसा होतो. ज्या घरी आजीने मंद आचेवर तासन् तास पाक घालीत हलव्यावर तो काटा फुलवला असेल, तेथे ही हानी सोसवत नाही!

उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यात प्रकाशाची मात्रा दोन तृतीयांश ते एक टप्पा कमी करावी. मोबाइलवर मुलाच्या चेहऱ्यावर बोट टेकवून उजेडाची पट्टी थोडी खाली सरकवावी. नंतर चित्र मोठे करून पाहावे. हलव्याचा दाणा न् दाणा दिसत असेल तर मात्रा बरोबर आहे. दिवा बाजूने असल्यास काटा अधिकच उठून दिसतो. कॅमेऱ्यावरील फ्लॅश समोरून मारल्यास सारे सपाट होते, शिवाय मूल दचकते.

फ्लॅश छत्रीतून वापरताना शटरची गती १/२००, छिद्र एफ/५.६ व आयएसओ २०० येथून प्रारंभ करावा. एलईडी दिव्यावर गती १/१६०च्या खाली नेऊ नये, कारण मूल क्षणभरही स्थिर नसते. त्यासाठी आयएसओ ८०० ते १६०० ठेवावा लागला तरी हरकत नाही. मोबाइल चेहऱ्याजवळ नेल्यास नाक मोठे व कान लहान दिसतात. म्हणून दीड-दोन मीटर मागे सरून दुपटीची भिंग-सोय वापरावी.

बैठक : मुलाच्या उंचीवरून, मुलाच्या कलाने

पहिला नियम असा की छायाचित्रकाराने खाली बसावे. कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर असावा. वरून काढलेल्या चित्रात डोके मोठे व पाय इवलेसे दिसतात. मुलाला पाटावर किंवा बुटक्या चौरंगावर बसवावे. पावले जमिनीला टेकली की त्याला आधार वाटतो. हातांना काही उद्योग द्यावा. मुरली चालेल, पोळ्याला घेतलेला चाकांचा लाकडी नंदी त्याहूनही चालेल. खेळण्यात गुंतलेले मूल आपोआप चांगले बसते.

‘हस, हस’ असे म्हणू नये. त्याने दात दिसतात, हसू उमटत नाही. चार दिशांनी चार जण टाळ्या वाजवू लागले तर मूल चारही दिशांना पाहते. कॅमेऱ्याला लागून एकानेच बसावे व त्यानेच बोलावे. वेळ झोप व खाणे झाल्यानंतरची निवडावी आणि वीस मिनिटांत आटोपते घ्यावे.

दादासाहेब फाळके यांच्या ‘कालियामर्दन’ (१९१९) या मूकपटात बाळकृष्णाची भूमिका त्यांची कन्या मंदाकिनी हिने केली. चित्रपटाच्या आरंभीच तिच्या चेहऱ्यावरील बदलते भाव एकापाठोपाठ एक दाखविले आहेत. कॅमेऱ्यामागे तिचे वडीलच होते. ओळखीच्या माणसासमोर मुलाचा चेहरा किती मोकळा होतो, हे त्या दृश्यातून आजही पाहता येते. स्टुडिओ घरी आणण्याचा मोठा लाभ हाच.

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत छायाचित्रासाठी काही सेकंद निश्चल राहावे लागे. तेव्हा आया स्वतःवर कापड पांघरून, जणू आसनाचाच भाग होऊन मुलाला धरून बसत. अशी कितीतरी छायाचित्रे उपलब्ध आहेत. आज एका सेकंदाच्या दोनशेव्या भागात चित्र निघते. आईला लपवण्याचे कोणतेही कारण उरलेले नाही. मूल बावरले तर तिला शेजारी बसू द्यावे आणि तिचा हात चौकटीत येऊ द्यावा.

सुरक्षितता आधी

दिव्याच्या स्टँडच्या पायावर वजन अवश्य ठेवावे. धानाचा कटोरा म्हणविणाऱ्या छत्तीसगढात पाच किलो तांदळाच्या पिशवीची वाण पडू नये! तारा चिकटपट्टीने जमिनीला चिकटवाव्यात. मान न धरणाऱ्या तान्ह्या बाळास टेकवून बसवू नये. त्याला पाठीवर निजवूनच चित्र काढावे. दोन्ही हातांवर हनुवटी टेकलेले नवजात बालक काही चित्रांत दिसते. बाळाला हातांनी आधार देऊन घेतलेली दोन चित्रे जोडून ते बनवलेले असते. घरी तसा प्रयोग मुळीच करू नये. हलव्याचे दाणे, बोराची बी व उसाचे तुकडे लहानग्यांच्या घशात अडकू शकतात. म्हणून चित्र होताच दागिने उतरवावेत आणि तोवर एक मोठे माणूस हाताच्या अंतरावर असावे.

शेवटी, मूल नको म्हणाले तर?

गेल्या संक्रांतीला माझी तीन वर्षांची नात पाटावर बसली खरी, पण कॅमेरा पाहताच आईच्या पदराआड तोंड लपवून ‘नाही’ म्हणाली. सूनबाई तिला समजावू लागल्या. मी छत्री मिटवली. थोड्या वेळाने नात आपण होऊनच नंदी घेऊन परतली, तेव्हा पाच मिनिटांत सात-आठ चित्रे मिळाली. त्यांपैकी आम्ही मोठे करून घेतले त्यात ती कॅमेऱ्याकडे पाहतच नाही. आईच्या मनगटावरील हलव्याचे कंकण न्याहाळते आहे. आईचा हात कोपरापर्यंत चौकटीत आहे.

चांगले चित्र कागदावर छापून घ्यावे, पाठीमागे मऊ पेन्सिलीने तारीख व नावे लिहावीत, एक प्रत आजोळी द्यावी आणि मूळ चित्र दोन ठिकाणी जतन करावे. छापताना कड कापण्याची वेळ आली, तर त्या कडेला कोणाचा हात आहे हे आधी पाहून घ्यावे.