एकट्याचा वाद्यवृंद

एक कोडे घ्या. एका तबकडीवर पियानो वाजतो आहे, गिटार वाजते आहे, खालच्या सुरांची बास गिटार साथ देते आहे, ड्रम ताल धरून आहेत आणि तीन-चार गळे मिळून गात आहेत. वेष्टनावर मात्र वादक आणि गायक म्हणून नाव एकाच माणसाचे! दोन हात, दोन पाय आणि एक गळा एवढ्या भांडवलावर हे जमले कसे?

अशी एक तबकडी १९७० साली अमेरिकेत निघाली. ती करणाऱ्याचे नाव एमिट ऱ्होड्स. वय अवघे वीस. त्याआधी तो दोन तरुण वाद्यमेळ्यांत होता. एकात ड्रम वाजवी, दुसऱ्यात गात असे. पुढे लॉस एंजलिसजवळच्या हॉथॉर्न गावी, आईवडिलांच्या घराच्या गॅरेजमध्ये त्याने ध्वनिमुद्रणाचे सामान मांडले आणि पॉप-रॉक धर्तीची गाणी एकट्याने रचून, वाजवून, गाऊन मुद्रित केली. तबकडीला नावही स्वतःचेच दिले, 'एमिट ऱ्होड्स'. एकट्याने काढलेली ही त्याची पहिलीच तबकडी अमेरिकेतील खपाच्या यादीत २९व्या क्रमांकापर्यंत पोचली. गॅरेजातल्या कामाला हे यश लहान नव्हे.

कोड्याचे उत्तर तुम्ही ओळखले असेल. सगळी वाद्ये एकाच वेळी वाजलेलीच नव्हती. आधी एक वाद्य मुद्रित करायचे, मग ते ऐकत ऐकत दुसरे वाजवायचे, मग तिसरे. सांगायला सोपे, पण यात एक अडचण दडलेली आहे आणि ती मोठी मजेदार आहे.

ध्वनिफीत म्हणजे प्लॅस्टिकची लांब पट्टी. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण बसवलेले असतात. आवाजाने ध्वनिग्राहकाचा पडदा थरथरतो आणि त्या थरथरीप्रमाणे कमीजास्त होणारा विद्युत्प्रवाह तयार होतो. हा प्रवाह कड्याच्या आकाराच्या छोट्या विद्युत्चुंबकात सोडतात. त्याला म्हणतात हेड. कड्याला एका जागी केसाहूनही बारीक फट असते. फीत त्या फटीवरून सरकताना तिच्यावरचे कण प्रवाहाप्रमाणे कमीजास्त चुंबकित होतात. आवाज असा फितीवर 'लिहिला' जातो. वाचताना उलटा व्यवहार. चुंबकित फीत दुसऱ्या हेडवरून सरकते आणि त्याच्या वेटोळ्यात विद्युत्प्रवाह निर्माण होतो. बदलत्या चुंबकत्वातून वीज मिळते, हे मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवले होते, तेच हे तत्त्व.

आता शेतातली तिफण आठवा. ती एका फेरीत तीन समांतर ओळी पेरते. तसेच फितीच्या रुंदीत एकाखाली एक अशी छोटी हेडे बसवली, तर एकाच फितीवर अनेक समांतर ओळी मिळतात. या ओळींना मार्गिका म्हणू. ऱ्होड्सचे यंत्र चार मार्गिकांचे होते. तिफणीपेक्षा एक ओळ जास्त, इतकेच! मात्र शेतकरी तिन्ही ओळी एकदमच पेरतो. इथे एक ओळ आज, दुसरी उद्या, असे चालते. एका मार्गिकेवर लिहिताना बाकीच्या पुसल्या जात नाहीत, ही त्यातली मेख.

अडचण इथेच सुरू होते. लिहिणारे हेड आणि वाचणारे हेड शेजारी शेजारी असले, तरी एका जागी नसतात. समजा त्यांच्यातले अंतर ५ सेंटिमीटर आहे. फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने धावते (मोठ्या यंत्रांचा हा एक नेहमीचा वेग). मग लिहिणाऱ्या हेडपाशी असलेला बिंदू वाचणाऱ्या हेडपाशी पोचायला ५ भागिले ३८, म्हणजे सुमारे ०.१३ सेकंद लागतात. तुम्ही वाचणाऱ्या हेडमधून कालचा पियानो ऐकला आणि त्याच्या तालावर बरोब्बर ड्रम वाजवला, तरी तो ड्रम फितीवर पियानोच्या ०.१३ सेकंद मागे लिहिला जाणार. एवढा उशीर कोणाच्याही कानाला खटकतो. तबल्याची थाप अशी मागे पडली, तर गवई मान वळवून पाहील!

अमेरिकेतील अँपेक्स कंपनीच्या रॉस स्नायडर या तंत्रज्ञाची युक्ती यावर उपयोगी पडली. लिहिणारे हेड तरी शेवटी वेटोळ्याचे कडेच ना? मग जुन्या मार्गिका ऐकताना त्यालाच वाचायला लावायचे. पहिल्या मार्गिकेपुरते ते वाचते, त्याच रेषेत दुसऱ्या मार्गिकेवर लिहिते. अंतर शून्य, म्हणून उशीरही शून्य. या हेडची फट थोडी रुंद असल्याने वरचे, तीक्ष्ण सूर त्यातून मंद ऐकू येतात. पण ताल धरायला तेवढे पुरते. अखेरचे मिश्रण करताना खरे वाचणारे हेड वापरायचे, की सगळे सूर स्वच्छ. या युक्तीवर चालणारे आठ मार्गिकांचे पहिले यंत्र १९५७ साली लेस पॉल या गिटारवादकाला मिळाले. या गृहस्थाने १९४८च्या एका तबकडीत एकट्याने गिटारचे आठ भाग वाजवले होते, तेही फितीशिवाय! एका तबकडीचा आवाज ऐकत वाजवायचे आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर उतरवायचे. सातव्या थरात चूक झाली, तर मागची तबकडी काढून तो थर पुन्हा. आणि दुसरा थर हलका पडल्याचे शेवटी कळले, तर मग काहीच उपाय नाही.

चारच मार्गिका असल्या आणि पाचवे वाद्य हवे असले तर? तीन मार्गिकांचे मिश्रण चौथीवर उतरवायचे आणि त्या तीन पुन्हा वापरायच्या. पण निसर्ग याची किंमत घेतो. फितीवरचे कण कितीही बारीक केले तरी ते सुटे सुटे असतात; त्यामुळे कोऱ्या फितीतूनही मंद सळसळ ऐकू येतेच. तीन मार्गिकांच्या तीन सळसळी आणि नव्या मार्गिकेची चौथी अशा चार, सारख्या जोराच्या, एकत्र आल्या की सळसळीची शक्ती चौपट होते. लाटेची उंची मात्र चौपट होत नाही, दुपटीवर थांबते, कारण त्या लाटांचा एकमेकींशी मेळ नसतो. कुठे उंचवटे मिळतात, कुठे उंचवटा आणि खळगा एकमेकांना खातात.

सळसळीवर उपाय काढता येतात. वेळेवर काय उपाय? हिशेब करून पाहा. तीन मिनिटांचे गाणे पाच जणांनी मिळून वाजवले, की तीन मिनिटांत झाले. एकट्याला पाच थर वाजवायचे आहेत. प्रत्येक थर मनासारखा उतरायला वीस वेळा वाजवावा लागला असे धरा. पाच गुणिले वीस गुणिले तीन, म्हणजे तीनशे मिनिटे, पाच तास! बारा गाण्यांचे साठ तास. यात फीत मागे गुंडाळणे, ध्वनिग्राहक हलवणे, कळ दाबून ड्रमपर्यंत धावणे आणि शेवटचे मिश्रण धरलेलेच नाही. शिवाय गाणे सुचायलाही काही दिवस लागतातच.

ऱ्होड्सच्या आयुष्यात हाच हिशेब आडवा आला. त्याने डनहिल या कंपनीशी करार केला होता आणि त्यात दर सहा महिन्यांनी एक तबकडी देण्याची अट होती. दुसऱ्या तबकडीला जवळजवळ वर्ष लागले. कंपनीने अडीच लाख डॉलरचा दावा लावला आणि त्याचे मानधनही अडवून धरले. दुसरी तबकडी १९७१ साली आली, तिसरी १९७३ साली. त्यानंतरची थेट २०१६ साली, तीही इतर वादकांना बरोबर घेऊन. २०२० साली तो वारला. करार लिहिणाऱ्यांनी वरचा गुणाकार एकदा कागदावर मांडून पाहिला असता, तर बरे झाले असते, असे मला वाटते.

आज हेच काम घरच्या संगणकावर होते. आवाज दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून आकड्यांत साठवतात. (आपला कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो आणि मापे त्याच्या दुपटीहून अधिक घ्यावी लागतात.) आकड्यांची नक्कल कितीही वेळा करा, सळसळ वाढत नाही. मार्गिका हव्या तितक्या मिळतात. पण जुना उशीर मात्र नव्या वेषात परत आला आहे! संगणक मापे एकेक न घेता गठ्ठ्याने हाताळतो. २५६ मापांचा गठ्ठा भरायला २५६ भागिले ४४,१००, म्हणजे सुमारे ०.००६ सेकंद लागतात. आवाज आत जाऊन बाहेर येईपर्यंत निदान दोन गठ्ठ्यांचा वेळ जातो. गठ्ठा मोठा केला, तर गायकाला स्वतःचा आवाज कानातल्या यंत्रात मागे पडलेला ऐकू येतो आणि तो अडखळतो.

लेस पॉलची जुनी पद्धत तुम्हाला घरी करून पाहता येईल. मोबाइल फोन दोन हवेत. पहिल्यावर मिनिटभर टाळ्यांचा ठेका मुद्रित करा. तो वाजवत ठेवून सोबत गा आणि दोन्ही मिळून दुसऱ्या फोनवर मुद्रित करा. आता दुसरा वाजवून, सोबत डबा बडवत, पुन्हा पहिल्यावर घ्या. असे पाच-सहा थर चढवा. टाळ्या कितव्या थरात अस्पष्ट होतात आणि खोलीतल्या पंख्याचा आवाज कितव्या थरापासून जाणवू लागतो, ते वहीत टिपून ठेवा. मग पंखा बंद करून सगळे पुन्हा करा.