गिटारचा सूर घसरला, पण कुठल्या गिटारचा?

गाण्यात कुठे गिटारचा सूर ओला होऊन घसरत गेला की ‘हवाईयन आहे’ म्हणून मोकळं व्हायची आपल्याकडे जुनी सवय आहे. त्यात श्रोत्याचा दोष नाही. आकाशवाणीवर बातम्यांना दोन-तीन मिनिटं उरली की एखादी फिल्मी धून लावून वेळ भरला जायचा आणि ती धून पुष्कळदा याच वाद्यावरची असायची. सुनील गांगुली, बटुक नंदी, काझी अनिरुद्ध ही नावं निवेदकाच्या तोंडून ऐकूनच पाठ झालेली. आमच्या बेळगावात शहापूर, वडगाव, खासबागच्या गल्ल्यांत मागांच्या खडखडाटातूनही तो आवाज वेगळा ओळखू यायचा. वाद्य मात्र फारसं कुणी पाहिलेलं नसायचं. त्यामुळे आवाज ओळखीचा आणि वाद्य अनोळखी, अशी गंमत झाली. आता इंग्रजी पॉप गाणी फोनवर आली, त्यांतही तोच घसरता सूर भेटतो, आणि आपण त्यालाही ‘हवाईयन’ म्हणतो. तिथे ते कधी पेडल स्टील असतं, कधी साध्या गिटारवर केलेली त्याची नक्कल, कधी बोटात काचेची नळी घालून वाजवलेली गिटार, तर कधी नुसता कीबोर्ड.

हे कानानं ओळखता येतं. त्यासाठी फार तयार कान लागत नाही. घरात पेटी असली तर काम आणखी सोपं.

आधी वाद्य समजून घेऊ. साध्या गिटारवर बोट तारेला दाबून पडद्याला टेकवतं. स्टील गिटार आडवी, मांडीवर किंवा स्टँडवर ठेवतात. तारा पट्टीपासून उंच असतात आणि डाव्या हातात धातूचा गुळगुळीत दांडा असतो. तो तारांवर नुसता टेकवून पुढेमागे सरकवायचा. पडद्यांच्या जागी फक्त रेघा असतात, अंदाजासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर हे वादन रुजलं आणि त्याचं श्रेय सहसा जोसेफ केकुकू याला देतात. 1940 च्या दशकात ताऊ मो हा हवाईयन वादक कुटुंबासह कलकत्त्यात राहत होता. बंगालमध्ये या वाद्याचं प्रस्थ वाढलं त्यात त्याचाही वाटा आहे.

दांडा सरळ असतो, हा मुद्दा महत्त्वाचा. तीन तारा एकदम छेडून दांडा वर सरकवला तर तिन्ही सूर सारख्याच अंतरानं वर जातात. त्यांची आपापसांतली नाती बदलत नाहीत. सँटो आणि जॉनी या भावांची 1959 ची ‘स्लीप वॉक’ ही धून ऐका. ती बिनपेडलच्या स्टील गिटारवरची आहे. सगळी सुरावळ एकसंध सरकते, जणू चित्राची चौकटच भिंतीवरून ढकलली.

आता पेडल. बिनपेडलच्या वादकाला दांडा न हलवता एखादाच सूर बदलायचा असेल तर फार मर्यादित वाट उरते: दांडा तिरका करणं किंवा दांड्यामागे बोटानं तार ओढणं. म्हणून वाद्याला पाय जोडले, खाली पेडल लावले, गुडघ्यानं ढकलायच्या दांड्या लावल्या. प्रत्येक पेडल ठरावीक तारा ठरावीक मापानं ताणतो. गुडघ्याच्या काही दांड्या तारा सैलही करतात. 1954 मध्ये वेब पिअर्सचं ‘स्लोली’ हे गाणं गाजलं. त्यात बड आयझॅक्सनं तारा वाजत असतानाच पेडल दाबला, आणि सुरांचा तो आतल्या आत पालटणारा मेळ ऐकून अमेरिकेतले बाकीचे वादक आपापल्या वाद्यांना पेडल बसवायच्या मागे लागले.

शहापूरकराला हे समजवायला सोपं जावं. हातमागावर विणकर पायाखालची पट्टी दाबतो तेव्हा ताण्याचे काही धागे उचलले जातात, बाकीचे जागेवर राहतात. पेडल स्टीलमध्ये धाग्यांच्या जागी तारा असतात, एवढाच फरक.

आता पेटी उघडा. बेळगाव हे पेटीवादक पं. रामभाऊ विजापुरे (1917–2010) यांचं गाव. इथं पेटी शिकलेलं किंवा निदान शिकायला बसवलेलं एखादं माणूस घरटी नसलं तरी गल्लीत नक्की सापडेल. पट्टी कुठलीही घ्या. सा, ग, प एकदम दाबा आणि भाता चालू ठेवा. सा वरचं बोट अजिबात न उचलता ग चा शुद्ध म करा आणि त्याच क्षणी प चा शुद्ध ध. पुन्हा सा-ग-प वर या. ग अर्धा स्वर चढला, प पूर्ण स्वर चढला, सा हलला नाही. पेडल स्टीलच्या सर्वांत रूढ जुळणीत पहिले दोन पेडल एकदम दाबले की नेमकं हेच होतं. पेटीवर ही उडी आहे, कारण पेटीला मींड नाही. पेडल स्टीलवर हेच दोन सूर घसरत जातात, दोघांची मापं वेगवेगळी, आणि सा खाली खांबासारखा उभा. पाच-सहा वेळा पेटीवर करून बघा, म्हणजे कानाला कशाची वाट बघायची ते कळेल.

माझ्या मते सगळी ओळख इथेच आहे. बहुतेक जण घसरणाऱ्या सुराच्या मागे धावतात, आणि घसरणारा सूर कुणीही काढू शकतो. थांबलेला सूर पकडा आणि त्याच्या डोक्यावर काय चाललंय ते मोजा.

मोजताना एक सावधगिरी. ‘एक सूर थांबला, एक चढला’ एवढ्यावर निकाल देऊ नये. साध्या गिटारवर एका बोटानं एक तार दाबून ठेवायची आणि शेजारची दुसऱ्या बोटानं आडवी खेचायची, हे अमेरिकी कंट्री संगीतातले गिटारवादक सर्रास करतात. त्यावरही समाधान न झालेल्या दोघांनी, ‘द बर्ड्स’ या बँडमधल्या क्लॅरेन्स व्हाइट आणि जीन पार्सन्स यांनी, 1960 च्या दशकाच्या अखेरीस साध्या गिटारच्या पोटात एक यंत्रणा बसवली. गिटारच्या खांद्यावरच्या पट्ट्याला ताण दिला की दुसरी तार बरोबर एक पूर्ण स्वर चढते. वादक गिटार खाली दाबतो आणि सूर वर जातो. बघायलाही मजा येते. तिला बी-बेंडर म्हणतात, कारण ती तार ‘बी’ची. पेडल स्टीलची ही सर्वांत फसवी नक्कल. पण मूळ यंत्रणेत हलणारी तार एकच. पेटीवरच्या प्रयोगात प चा ध होईल, ग मात्र ग च राहील. म्हणून दोन सूर दोन वेगळ्या मापांनी एकदम हलले आणि तिसरा थांबला, तर पेडल स्टील म्हणायला हरकत नाही. एकच हलला तर निकाल राखून ठेवा.

दोन गाणी पाठोपाठ लावा: क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग यांचं 1970 चं ‘टीच युअर चिल्ड्रन’ आणि ईगल्सचं 1972 चं ‘पीसफुल इझी फीलिंग’. पहिल्यात जेरी गार्सिया पेडल स्टील वाजवतो, दुसऱ्यात बर्नी लेडन बी-बेंडर लावलेली गिटार. इअरफोन लावा. त्या काळच्या स्टीरिओ ध्वनिमुद्रणात एखादं वाद्य एकाच बाजूला ढकललेलं असतं, तेव्हा एकेक कान बंद करून बघा. यूट्यूबवर वेग निम्मा केला तरी पट्टी उतरत नाही, ही सोय मागच्या पिढीच्या श्रोत्याला नव्हती. अर्ध्या वेगात गार्सियाचे सूर एकमेकांत वितळताना ऐकू येतात. लेडनच्या गिटारमध्ये प्रत्येक सुराच्या सुरुवातीला तारेचा ‘टण्’ स्पष्ट राहतो.

त्या ‘टण्’कडेही लक्ष द्या. पेडल स्टीलवाल्याचा उजवा पाय बहुधा आवाज कमीजास्त करणाऱ्या वेगळ्या पेडलवर असतो. तो आधी तार छेडतो आणि मग पाय दाबतो, त्यामुळे छेडल्याचा आघात लपतो आणि सूर कुठून तरी उगवल्यासारखा येतो. तार विझत चालली की पाय आणखी दाबतो, म्हणून सूर बराच वेळ एका पातळीवर राहतो. गिटारवाला करंगळीनं आवाजाचं बटण फिरवून ही नक्कल करू शकतो, पण त्याच हातानं तार छेडायची असल्यामुळे भरभर सुरांत त्याला ते झेपत नाही. म्हणजे संथ जागी फसाल, जलद जागी फसणार नाही.

दुसरी खूण आंदोलनाची. तार आडवी खेचली की तिचा ताण वाढतो, आणि ताण वाढला की सूर चढतो. गिटारवाला बोटाखालची तार आडवी हलवून सूर थरथरवतो तेव्हा थरथर मूळ सुरापासून वर जाते आणि परत मुळावर येते. खाली जात नाही. दांडा मात्र रेघेच्या दोन्ही बाजूंना डुलतो, सूर किंचित वर आणि किंचित खाली जातो. लांबलेल्या सुराच्या शेवटी हा फरक कळतो. लांब पल्ल्याच्या घसरणीतही असंच. गिटारवर बोट पडद्यांवरून ओढत नेलं तर अर्ध्या अर्ध्या स्वरांच्या पायऱ्या ऐकू येतात, आणि तार खेचून मिळणारी मींड दोन-तीन अर्ध्या स्वरांत संपते. स्टील गिटार अख्खं सप्तक एका श्वासात, पायरी न लागता उतरते.

काचेच्या नळीची गिटार या दोन्ही परीक्षांत उत्तीर्ण होते, कारण तिथेही तार पडद्याला टेकत नाही. जॉर्ज हॅरिसनचा 1970 चा ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ हा संच या कामाला नामी आहे. त्यातल्या ‘माय स्वीट लॉर्ड’मधली घसरती गिटार हॅरिसननं नळीनं वाजवली आहे. एकावर एक दोन वेळा मुद्रित केल्यामुळे दोन सूर जोडीनं चालतात आणि ऐकणारा पेडल स्टील समजतो. त्याच संचातल्या ‘बिहाइंड दॅट लॉक्ड डोअर’मध्ये पीट ड्रेक खरोखरच पेडल स्टील वाजवतो. पहिल्यात दोन सुरांच्या सुरुवातींत केसाएवढं अंतर शोधा. दोन वेळा वाजवणारा माणूस एकच असला तरी दोन्ही वेळा नेमक्या त्याच क्षणी सुरू करत नाही. शिवाय तिथे दोन्ही सूर सोबतच चढतात-उतरतात. एक थांबून दुसरा चढतो अशी जागा कान लावून शोधावी लागते.

आता आपल्या गाण्यांकडे. जुन्या हिंदी-मराठी ध्वनिमुद्रणांत पेडल शोधू नका. आपल्याकडे रुजली ती मुख्यतः बिनपेडलची स्टील गिटार. ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांत ती वाजवणारे हजारासिंग, आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार आणि व्हायोलिन दोन्ही हाताळणारे लखनौचे व्हॅन शिप्ले, ही त्या काळची मोठी नावं. शिप्ले यांच्यासोबत पुण्याचे एनॉक डॅनियल्स यांचं अकॉर्डियन असेल अशी तबकडी मिळाली तर जरूर ऐका. अकॉर्डियन पेटीचंच भावंड, पायरीनं चालणारं. त्याच्या शेजारी गिटारची मींड लख्ख उठून दिसते.

इथे घोटाळा होतो तो सतारीशी. सतारीची मींड पडद्यावर तार खेचून येते, म्हणून ती मुळात वर जाणारी. उतरायचं तर आधी खेचून ठेवलेली तार सोडावी लागते. पल्लाही साधारण चार-पाच स्वरांचा. शिवाय जवारीची झणझण असतेच. पं. ब्रिजभूषण काबरा यांनी गिटारवर आलाप-जोड वाजवला तेव्हा हा गोंधळ आणखी वाढला, कारण मींड आपली आणि वाद्य परकं. 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी सगळे ओळखतात. तिसरं वाद्य काबरांची गिटार आहे, हे पुष्कळांना वेष्टन वाचल्यावर कळतं. पुढे विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेत चिकारी आणि तरफा आल्या, तेव्हा झणझणीवरून भेद करणंही अवघड झालं. तिथे मींडेचा पल्ला मोजणं हाच भरवशाचा उपाय.

राहिला कीबोर्ड. त्यावर सूर घसरवायला एक चाक असतं. ते फिरवलं की साधारणपणे वाजत असलेले सगळे सूर सोबत हलतात. एक थांबवून दोन हलवायचे तर वादकाला वेगळी खटपट करावी लागते. चाकाचा पल्ला बहुधा आधीच ठरवलेला असतो, म्हणून घसरण दर वेळी त्याच अंतरावर जाऊन थांबते. आंदोलनही यंत्रानं घातलेलं असेल तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका गतीचं, कंटाळा येईल इतकं नेमकं. माणूस सूर लांबवतो तेव्हा आधी तो स्थिर ठेवतो आणि मग हलवतो.

नक्कल म्हणजे कमअस्सल असं मात्र मी म्हणणार नाही. ‘नागिन’ (1954) मधल्या बीनवर अख्खा देश डोलला. ती कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवली होती आणि सोबत रवी यांची पेटी होती. आज ती ऐकताना पट्ट्यांवरची बोटं ओळखू येतात, एक सूर सोडून दुसरा धरला जातो तेही कळतं. गारुड्याच्या खऱ्या पुंगीत मात्र दुसऱ्या नळीचा षड्ज अखंड चालू असतो.