ऋतू पाहून सहल काढा – पाखरांच्या गावाला!

मैत्रिणींनो, सहल म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर आधी डबे उभे राहतात. दशम्या, पुऱ्या, तिखट शेव! परत आल्यावर मुलांना विचारावं, ‘काय पाहिलंस रे?’ तर उत्तर येतं, ‘मज्जा आली.’ यंदा जरा निराळं करून पाहा. आळीतल्या चार-पाच जणी आणि त्यांची मुलं मिळून वर्षात तीन सहली काढा, नुसती पाखरं पाहायला. पुढारीपण तुम्हीच घ्या. त्याला पदवी लागत नाही. ८×४० ची एक दुर्बीण, पक्ष्यांच्या चित्रांचं एक पुस्तक, एक वही आणि पहाटे उठायची सवय एवढं पुरे. शेवटची गोष्ट तर आपल्याजवळ आहेच!

पावसाळा

या दिवसांत लांब जाऊ नका. गावाबाहेरच्या विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबत असतात. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींमुळे ही सुगरण आपल्या घरची झाली. पण मुलांना एक गंमत जरूर सांगा. खोपा विणतो तो नर. अर्धा झाला की मादी येऊन पाहते; पसंत पडला तरच पुढचा संसार! नापसंत खोपे तसेच अर्धवट राहतात. सहलीला ‘हे’ बरोबर असतील तर त्यांनाही हे अवश्य ऐकवा. मुलांना मात्र विहिरीच्या काठाशी जाऊ देऊ नका.

हिवाळा

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. तेव्हापासून पाणथळ जागा भरू लागतात. भुसावळजवळ तापीवरचं हतनूर धरण त्यासाठी उत्तम. जळगावकरांना मेहरूणचा तलाव, धुळेकरांना नकाण्याचा तलाव जवळ पडतो. हिमालयापलीकडून आलेला बदामी-नारिंगी चक्रवाक आणि शेपूट हलवत फिरणारा धोबी, हे दोन ओळखता आले तरी पहिली सहल सार्थकी लागली समजा. आणि संक्रांतीला घरात नायलॉनचा मांजा येऊ देऊ नका. त्यात पंख चिरून पाखरं मरतात.

उन्हाळा

फाल्गुनात पळस आणि सावर फुलली की चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जा. दर्शनाला जातोच आपण. या वेळी मान वर करून जाऊ. सावरीच्या लाल फुलांवर मैना, बुलबुल मध प्यायला गर्दी करतात. वडा-उंबराला फळं असतील तर आपला राज्यपक्षी हरियालही दिसेल. ऊन चढायच्या आत, नऊ-साडेनऊपर्यंत परतावं. चैत्र-वैशाखात मात्र घरीच बरं. अंगणात मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा, रोज बदला. पाखरंच तुमच्याकडे येतील.

आपल्या डोंगरातलं घुबड

आता एक गोष्ट मुलांना सहलीत सांगण्यासाठी. रानपिंगळा नावाचं मैनेएवढं छोटं घुबड आपल्या सातपुड्यात राहतं. १८८४ नंतर ते कुणाला दिसल्याची खात्रीची नोंदच नव्हती. एका इंग्रज संग्राहकानं संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर ‘गुजरात, १९१४’ अशी खोटी चिठ्ठी लावली होती, म्हणून शोधणारेही भलतीकडेच शोधत राहिले. ही लबाडी अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी उघडकीला आणली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सोबत्यांसह त्या शहाद्याजवळ आल्या. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. तिथं सकाळच्या उजेडात रानपिंगळा फांदीवर बसलेला! ११३ वर्षांनी.

यावल अभयारण्यातही तो आहे. वनखात्याची परवानगी आणि पालसारख्या ठिकाणचा माहितगार माणूस घेऊन हिवाळ्यात तिकडे जाता येतं. पण दिसलाच पाहिजे असा हट्ट नको. जुन्या झाडांच्या ढोलीत त्याचं घरटं असतं. तशी झाडं तुटली की त्याचा संसार मोडतो. आजही तो संकटग्रस्त पक्ष्यांत मोडतो.

आणि आपण? घुबड ओरडलं की ‘अशुभ’ म्हणून दगड मारायला मुलांना आपणच शिकवतो. शेतातले उंदीर खाणारा हा सोबती आहे. त्याला मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. हा समज घराघरांतून काढायचा तर ते काम आपणच करू शकतो, कारण भीती आणि माया दोन्ही मुलं आपल्याकडूनच घेतात.

निघण्यापूर्वी

भडक साड्या, गजरे, अत्तर घरी ठेवा. मातकट-हिरवे कपडे आणि बंद चपला घाला. घरट्याजवळ जाऊ नका, फांदी वाकवू नका, मोबाइलवर पाखरांचे आवाज वाजवू नका. ती घाबरतात, घरटं सोडतात. कागद-पिशव्या परत आणा. दिसलेलं पाखरू, जागा, तारीख मुलांकडून वहीत लिहून घ्या. पुढच्या वर्षी त्याच तारखेला तेच पाखरू परतलं का, हे पाहण्यात जी गोडी आहे ती एकदा घेऊनच बघा. मग पुढच्या सहलीची आठवण मुलंच तुम्हाला करून देतील!